ग्रिल एका बाजूने थंड, ज्योत पिवळी: बर्नरच्या गंजलेल्या नळ्या ओळखणं आणि बदलणं

अमेरिका-कॅनडात मे महिना आला की अंगणातल्या ग्रिलवरचं कव्हर निघतं आणि दरवर्षीची तक्रार सुरू होते: "मागच्या वर्षी छान चालत होतं, आता वांगं भाजायला तास लागतो." बहुतेक जण थेट नवे बर्नर मागवतात. पार्सल येतं, नळ्या बसतात आणि ग्रिल पुन्हा तसंच थंड. कारण बिघाड नळीत नव्हताच. तो टाकीत, रेग्युलेटरमध्ये किंवा कोळ्याच्या जाळ्यात होता. म्हणून आधी फुकटातल्या तपासण्या करायच्या आणि पाना सगळ्यात शेवटी हातात घ्यायचा.

हे सगळं प्रोपेनच्या टाकीवर चालणाऱ्या, आडव्या नळ्यांच्या बर्नरच्या ग्रिलबद्दल आहे. घरातल्या नैसर्गिक वायूच्या लाइनवर ग्रिल जोडलेलं असेल तर नळ्यांचं काम तेच, पण लाइनला हात लावायचा नाही. त्याबद्दल पुढे.

लक्षणं

संध्याकाळी अंधार पडू लागल्यावर झाकण उघडून, जाळ्या आणि त्यांच्याखालचे उष्णतेचे पत्रे काढून, बर्नर पेटवून बघा. उन्हात निळी ज्योत दिसतच नाही, त्यामुळे दुपारी केलेलं निदान हमखास चुकतं.

- सगळ्याच बर्नरची ज्योत बारीक, नॉब पूर्ण उघडूनही झाकणावरच्या तापमापकाचा काटा २५०-३०० फॅरनहाइटच्या वर सरकत नाही: नळ्यांचा संबंध नाही. टाकी किंवा रेग्युलेटर बघा.
- एकच बर्नर मंद, ज्योत पिवळी आणि आळसटलेली, भांड्याला काजळी: नळीच्या तोंडाशी हवा अडली आहे. बहुधा कोळी.
- नळीवर एकाच जागी उंच ज्योत झेपावते आणि तिथून पुढची छिद्रं जेमतेम पेटतात: गंजून भोक पडलं आहे. ही नळी बदलायचीच.
- ज्योत नळीच्या खालच्या अंगाने बाहेर येते: खालची शिवण उसवली आहे. हीसुद्धा बदलायची.
- एक बर्नर पेटला तरी शेजारचा पेट घेत नाही, मग उशिरा "भप्प" करून पेटतो: दोन नळ्यांना जोडणारी आडवी क्रॉसओव्हर पट्टी बुजली किंवा गंजली आहे.
- नॉबला हात लावला की चटका बसतो, पॅनेलमागे भुरभुर आवाज येतो किंवा उजेड दिसतो: आग नळीऐवजी तोंडाशी लागली आहे. हात पोचत असेल तर नॉब बंद, लगेच टाकी बंद, झाकण उघडं. कारण सापडेपर्यंत पुन्हा पेटवायचं नाही. आग टाकीच्या तोंडाशीच असेल तर जवळ न जाता घरच्यांना लांब न्या आणि ९११ ला फोन करा.

पहिली तपासणी: टाकीत गॅस आहे का?

हसू नका, यात बरेच जण अडकतात. नेहमीची टाकी २० पौंडांची म्हणतात, पण दुकानातून बदलून मिळते तिच्यात साधारण १५ पौंडच गॅस भरलेला असतो. टाकीच्या गळ्याशी टीडब्ल्यू अक्षरांपुढे रिकाम्या टाकीचं वजन कोरलेलं असतं, ते बहुधा १७ पौंडांच्या आसपास असतं. टाकी वजनकाट्यावर ठेवा आणि त्यातून तो आकडा वजा करा. उरेल तेवढा गॅस. काटा नसेल तर टाकीच्या अंगावरून तांब्याभर गरम पाणी ओता आणि लगेच हात फिरवा. जिथे थंड लागायला लागेल तिथपर्यंत द्रव गॅस आहे.

टाकीच्या गळ्याभोवतीच्या त्याच कड्यावर निर्मितीचा महिना आणि वर्षही कोरलेलं असतं. नवी टाकी अमेरिकेत १२ वर्षांनी आणि कॅनडात १० वर्षांनी पुन्हा तपासून प्रमाणित करावी लागते. मुदत उलटलेली, पोचे आलेली किंवा तळाशी गंजून खवले सुटलेली टाकी भरून आणू नका. बदलून घ्या.

दुसरी: रेग्युलेटर रुसला आहे का?

"सगळे बर्नर मंद" या तक्रारीचं सर्वात नेहमीचं कारण हेच, आणि त्याला पैसा लागत नाही. टाकीला हाताने फिरवून बसणाऱ्या मोठ्या प्लास्टिकच्या नटात एक सुरक्षा झडप असते. गॅस अचानक जोरात धावला तर होज (टाकीपासून ग्रिलपर्यंतचा रबरी पाइप) तुटला असं समजून ती प्रवाह अगदी बारीक करते. एखादा नॉब उघडा राहिला असताना टाकी उघडली किंवा टाकीचा चाकनॉब एका झटक्यात फिरवला, तरी तिला तेच वाटतं. घरातला फ्यूज उडावा तसं.

सगळे नॉब आणि टाकी बंद करा. होज टाकीपासून सोडा. झाकण उघडं ठेवून सगळे नॉब मिनिटभर उघडा, म्हणजे होजमध्ये अडकलेला दाब निघून जाईल. नॉब पुन्हा बंद करून पाच मिनिटं थांबा. नट हाताने घट्ट बसवा, पान्याने नाही. आता टाकी अगदी हळू, पाव फेरा उघडा, मिनिटभर थांबा, मग पूर्ण उघडा. झाकण उघडं ठेवूनच पहिला बर्नर पेटवा.

हे करून ग्रिल ठणठणीत झालं तर काम संपलं. पण दर दोन-तीन वेळा हेच करावं लागत असेल तर झडपेला दोष देऊ नका. कुठेतरी खरंच गळती असेल आणि झडप आपलं काम बरोबर करत असेल. रेग्युलेटरच्या तबकडीवर एक बारीक श्वासछिद्र असतं, तेही बघून घ्या. गांधीलमाशी तिथे मातीचं घर करते आणि दाब बिघडतो.

तिसरी: साबणाचं पाणी

भांडी घासायचा द्रव साबण आणि पाणी निम्मं-निम्मं. ब्रशने टाकीच्या तोंडाशी, होजच्या दोन्ही टोकांना, होजच्या पूर्ण लांबीवर आणि जिथून नॉबच्या झडपा निघतात त्या आडव्या मुख्य पाइपवर लावा. नॉब बंद, टाकी उघडी. बुडबुडे फुगले तर गळती. काडी पेटवून गळती शोधायची अक्कल अजूनही काही जण दाखवतात, तिकडे वळूच नका. प्रोपेन हवेच्या सुमारे दीडपट जड असतो. तो वर उडून जात नाही, ग्रिलच्या कपाटात आणि डेकच्या फटीत साचून राहतो.

टाकीच्या नटापाशी बुडबुडे आले तर नट सोडून रबरी रिंग पुसा आणि पुन्हा बसवा. होजला भेगा असतील किंवा उंदराने कुरतडला असेल, तर होज आणि रेग्युलेटर असा जोडसंच बाजारात मिळतो, तो घ्या. टेप गुंडाळू नका. मुख्य पाइपवर किंवा नॉबच्या झडपेपाशी बुडबुडे आले तर मात्र घरची दुरुस्ती इथेच थांबली. झडप उघडून ग्रीस भरण्याचे व्हिडिओ पाहून हात घालू नका. गॅसची कामं करणाऱ्या परवानाधारक माणसाला बोलवा. टाकी बंद करूनही वास येतच राहिला तर लांब जाऊन ९११.

चौथी: कोळी

आता नळी बाहेर काढायची, पण अजून विकत काही घ्यायचं नाही.

नळीचं पुढचं तोंड पितळी ऑरिफिसवर (नॉबच्या झडपेच्या बारीक भोकाच्या टोकावर) नुसतं चढवलेलं असतं. ऑरिफिसमधून गॅसची बारीक धार सुटते आणि तोंडाच्या खिडकीतून हवा आपल्याबरोबर ओढून नेते. तिथे कोळ्याने जाळं विणलं की हवा मिळत नाही आणि ज्योत पिवळी पडते. जाळं दाट असेल तर गॅस पुढे न जाता तोंडातूनच मागे फिरतो आणि नॉबमागे आग लागते. हिवाळाभर बंद राहिलेल्या ग्रिलमध्ये हे इतकं नेहमीचं आहे की कंपन्या तोंडावर बारीक जाळी लावून देतात. जाळीवर पीठ सांडल्यासारखा थर जमलेला असेल तर आधी ती जुन्या टूथब्रशने साफ करा.

टाकी बंद आणि सुटी, ग्रिल पूर्ण गार. नळ्यांचा एक फोटो काढून ठेवा, जोडताना छिद्रांची दिशा आठवत नाही. नळीचं मागचं टोक एका पिनने किंवा स्क्रूने अडकवलेलं असतं. ते सोडा, टोक उचला आणि नळी मागे सरकवा, म्हणजे पुढचं तोंड ऑरिफिसवरून सुटेल. ठिणगी पाडणारी पांढरी चिनीमातीची कांडी नळीला जोडलेली असेल तर तिचा स्क्रू आधी काढा. ती तार धरून ओढली की तुटते, आणि मग तीही विकत घ्यावी लागते.

लांब लवचीक नळी-ब्रश आतून आरपार फिरवा. वरची छिद्रं पितळी ब्रशने नळीच्या आडव्या दिशेने घासा. लांबीच्या दिशेने घासलं तर गंजाचा चुरा एका छिद्रातून निघून दुसऱ्यात जातो. बुजलेलं छिद्र पेपरक्लिपच्या तारेने मोकळं करा, पण रुंद करू नका. शेवटी नळी उभी धरून आपटा. आतून पापुद्रे सांडत असतील तर पुढच्या तपासणीला उत्तर मिळालंच.

पाचवी: नळी खरंच गेली आहे का?

तपकिरी रंग म्हणजे गेलेली नळी नव्हे. वरवरचा गंज ब्रशने निघतो आणि खालचा पत्रा टणक असेल तर ती नळी आणखी एक-दोन हंगाम सहज चालते. स्क्रूड्रायव्हरचं टोक छिद्रांच्या ओळीवर आणि खालच्या शिवणीवर दाबून बघा. पत्रा दबला, कुरकुरला किंवा टोक आत गेलं की नळी संपली. नळीत टॉर्च घालून अंधारात धरा: छिद्रांशिवाय कुठूनही उजेड दिसला तर संपली. दोन शेजारची छिद्रं मिळून एक चीर झाली असेल तरीही संपली.

भट्टीला लावायची पुट्टी किंवा जेबी वेल्ड (धातू चिकटवायचा गोंद) लावून भोक बुजवण्याचा प्रयोग करू नका. नळी तापते, प्रसरण पावते, पुट्टी गळून पडते आणि गॅस पुन्हा तिथूनच निघतो.

नळ्यांबरोबर त्या ज्यात बसतात तो भट्टीचा डबाही बघून घ्या. ज्या कडीवर नळीचं मागचं टोक टेकतं ती कडी किंवा डब्याचा तळच गंजून गेला असेल, तर नवी नळी कशावर टेकणार? अशा ग्रिलवर नळ्यांचे पैसे घालू नका.

नवी नळी विकत घेताना

मॉडेल नंबर कपाटाच्या दाराच्या आत, मागच्या पत्र्यावर किंवा गाड्याच्या बाजूला चिकटवलेल्या पट्टीवर असतो. सिरीयल नंबर वेगळा, तो देऊन भाग सापडत नाही. कागदपत्रं जपून ठेवली असतील तर वॉरंटी आधी वाचा. बऱ्याच कंपन्या बर्नर जळून भोक पडण्याला बाकी ग्रिलपेक्षा जास्त वर्षांची हमी देतात, आणि लोक तो दावा करतच नाहीत.

मॉडेल बंद झालं असेल तर जुनी नळी मोजा: एकूण लांबी, तोंडापासून पिनच्या छिद्रापर्यंतचं अंतर, बाहेरचा व्यास (बहुधा १ इंच), तोंड सरळ आहे की वाकडं, आणि छिद्रं वर आहेत की बाजूला. पिनचं अंतर पाव इंचाने जरी चुकलं तरी तोंड ऑरिफिसवर नीट बसत नाही. दुर्बिणीसारख्या लांब-आखूड होणाऱ्या, कुठल्याही ग्रिलला चालणाऱ्या नळ्याही मिळतात. दुसरं काहीच मिळत नसेल तरच त्या घ्या. त्यांच्या सरकत्या जोडात चरबी आणि ओल अडकते आणि गंज तिथूनच सुरू होतो.

पत्रा कोणता, हे चुंबकाने कळतं. ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसला चुंबक जवळजवळ चिकटत नाही, फक्त वाकवलेल्या जागी थोडं ओढलं जातं. घट्ट चिकटलं तर तो बहुधा ४३० किंवा ॲल्युमिनाइज्ड पोलाद. ते स्वस्त पडतं आणि लवकर गंजतं. चार नळ्यांतली एक भोक पडून गेली असेल तर बाकीच्याही त्याच वयाच्या, तितक्याच तापलेल्या. संच बदलणं परवडतं. क्रॉसओव्हर पट्ट्या स्वस्त असतात, त्याच पार्सलमध्ये मागवा.

बसवताना

जुना स्क्रू हमखास अडतो. आदल्या रात्री त्यावर भेदक तेलाचे दोन थेंब टाकून ठेवा. सकाळी डोक्यावर हलकेच दोन-तीनदा ठोका, मग फिरवा, आणि तेल पूर्ण पुसून काढा, ते पेट घेतं. डोकं तुटलं तर ड्रिलने स्क्रू काढून त्याच मापाचा स्टेनलेस स्क्रू आणि नट लावा. नव्या स्क्रूला निकेलचं अँटीसीझ (स्क्रू अडू नये म्हणून लावायचा लेप) चोपडलं की पुढच्या वेळी रात्रभर थांबावं लागत नाही.

ऑरिफिसमध्ये टॉर्च मारून बघा. भोक साधारण एक मिलिमीटरचं असतं. बुजलं असेल तर मऊ तांब्याच्या तारेचा एक धागा घालून मोकळं करा. ड्रिल अजिबात नाही. व्यास १.० वरून १.२ मिलिमीटर झाला तर भोकाचं क्षेत्रफळ ४४ टक्क्यांनी वाढतं. म्हणजे जवळजवळ दीडपट गॅस, आणि त्याला पुरेल इतकी हवा नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि नेमकी घाईत सुटणारी. नळीचं तोंड ऑरिफिसवर चढवा, मागचं टोक कडीवर ठेवा, आणि पिन लावण्याआधी फोनचा कॅमेरा पॅनेलखालून आत घालून फोटो काढा. ऑरिफिसचं टोक नळीच्या तोंडात मधोमध दिसलं पाहिजे. नळी तिरकी बसली, तोंडाच्या बाहेर राहिली किंवा ऑरिफिसशेजारून गेली, तर वरून सगळं ठीक दिसतं, पण नॉब उघडताच गॅस पॅनेलमागे पसरतो. नळी बदलल्यावर आग लागण्याचा धोका इथेच असतो. प्रत्येक नळीचा वेगळा फोटो काढा.

मागचा स्क्रू आवळून दाबायचा नाही. दीड फुटाची स्टेनलेस नळी ४०० अंश सेल्सियसने तापली की सुमारे ३ मिलिमीटर लांबते. म्हणून कंपनीने तिथे गोल छिद्राऐवजी लांबट खाच ठेवलेली असते. जागा नाही मिळाली तर नळी कमानीसारखी वाकते आणि तोंड ऑरिफिसवरून सटकतं. ठिणगीच्या कांडीचं टोक आणि नळी यांच्यात ३ ते ५ मिलिमीटर अंतर ठेवा.

पेटवून बघणं

आधी पुन्हा साबणाचं पाणी. मग झाकण उघडं ठेवून ठिणगीजवळचा बर्नर. पाच सेकंदांत पेटला नाही तर बंद करून पाच मिनिटं थांबा, पुन्हा पुन्हा खटका दाबत बसू नका. पेटला की ज्योत एकेक करून शेजारच्या नळ्यांवर जाते का ते बघा.

ज्योत निळी हवी, टोकाला थोडा पिवळेपणा चालतो. सगळीच पिवळी असेल तर तोंडाजवळची हवेची फिरती पट्टी किंचित उघडा. ज्योत नळीपासून सुटून वर नाचते आणि घोंगावते तर हवा जास्त झाली, पट्टी किंचित मिटा. काही ग्रिलना ही पट्टी नसतेच. तिथे पिवळी ज्योत म्हणजे पुन्हा तोंड आणि जाळी तपासणं. सगळं जुळलं की झाकण लावून १५ मिनिटं रिकामं तापवा, कारखान्यातलं तेल जळून जातं. तो वास पहिल्या कणसांना लागू देऊ नका.

नैसर्गिक वायूच्या ग्रिलला टाकी जोडून बघण्याचा मोह टाळा. प्रोपेनचा रेग्युलेटर ११ इंच पाण्याचा दाब देतो, घरगुती वायू त्याहून कमी दाबाने येतो. शिवाय तेवढ्याच आकारमानात प्रोपेनमध्ये अडीचपट उष्णता असते. ऑरिफिस वेगळे, रेग्युलेटर वेगळा. लाइन, तिची झडप, एका वायूवरून दुसऱ्यावर नेणं: हे सगळं परवानाधारक माणसाचं काम.

पुन्हा का गंजतात?

एक किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ किलो पाण्याची वाफ तयार होते. थंडीत पेटवलेल्या ग्रिलमध्ये तिचं पत्र्यावरच पाणी होतं. त्यावर टपकतं ते आपलं मुरवण: दही, लिंबू, मीठ, हळद. म्हणजे आम्ल आणि मीठ एकत्र. पनीर किंवा पापलेट ग्रिलवर ठेवण्याआधी मुरवण निथळून घ्या. काम झालं की दहा मिनिटं मोठ्या आचेवर जाळून टाका, मग पूर्ण गार होऊ द्या आणि नंतरच कव्हर घाला. कोमट ग्रिलवर घातलेलं कव्हर आतली सगळी वाफ रात्रभर नळ्यांवर धरून ठेवतं. तळाला ॲल्युमिनियम फॉइल अंथरली तर चरबी आणि पाणी साचून राहतं, हवाही अडते.

हिवाळ्यासाठी ग्रिल बंद करताना नळ्या काढून घरात ठेवल्या तर उत्तम, टाकी मात्र बाहेरच. नळ्या जागेवरच राहणार असतील तर वसंतात पहिल्यांदा पेटवण्याआधी ब्रश एकदा आतून फिरवा, कोळी तुमच्या आधी उठलेला असतो. काढलेल्या जुन्या नळ्या लगेच कचऱ्यात टाकू नका. नव्या दोन-तीन वेळा नीट चालेपर्यंत ठेवा, माप चुकलं तर परत करताना त्याच दाखवाव्या लागतील.